एकपात्री परिक्रमा

गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि पाण्याखाली गेलेली वाट

‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही गो. नी. दांडेकरांची १९५७ सालची कादंबरी. मराठी वाचकाने तिला आजवर दोन खणांत ठेवले आहे. एक खण अध्यात्माचा. नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्याने आधी वाचायच्या पुस्तकांचा. दुसरा खण हळव्या प्रेमकथांचा. यशोदेचे नाव निघाले की ज्यांचा आवाज अजून बदलतो, अशा जुन्या वाचकांचा. दोन्ही खणांना आधार आहे. पण या वाटणीत एक गोष्ट नजरेआड राहून गेली. ही कादंबरी लिहिणारा माणूस लेखक होण्याआधी सांगणारा होता. आणि सांगणाराही एका जागी बसून नव्हे, तर चालत चालत सांगणारा.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ‘भ्रमणगाथा’ ही फिरत्या कलावंताने एकट्याने घातलेल्या प्रदक्षिणेची कथा आहे आणि तिचा घाट कीर्तनकाराच्या जगण्यातून आला आहे. पात्र ओलांडायचे नाही, हा परिक्रमेचा मुख्य नियम. तोच या कादंबरीचाही नियम आहे. ज्या नदीभोवती ही प्रदक्षिणा घातली गेली, ती नदी आता कैक कोस सरोवर झाली आहे. तेव्हा हा नियम आज कसा वाचायचा, हा प्रश्न वाचकाला टाळता येत नाही.

१. सांगणारा

दांडेकरांचा जन्म ८ जुलै १९१६चा, परतवाड्याचा. शाळकरी वयात स्वातंत्र्याच्या चळवळीत जायचे म्हणून त्यांनी घर सोडले. पुढची वर्षे भटकंतीची. गाडगेबाबांचा सहवास, त्यांचा निरोप गावोगाव नेणे, वेदान्ताचा अभ्यास, नर्मदेची परिक्रमा. लेखणीवर पोट भरायचे असे ठरवून तळेगाव दाभाड्याला ते स्थिरावले ते त्यानंतर. हा सारा काळ ‘स्मरणगाथा’त आला आहे. त्या पुस्तकाला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दांडेकरांच्या चरित्रातले गाडगेबाबांचे स्थान आपण बहुधा संस्कारांच्या अंगाने सांगतो. मला ते कलेच्या अंगाने अधिक मोलाचे वाटते.

गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांचे कीर्तन म्हणजे समोरच्यांशी सवालजवाब. बाबा विचारणार, मंडळी उत्तर देणार आणि स्वतःच्याच उत्तरात सापडणार. पोथीतले पांडित्य नाही, ठरीव आख्यानाची सक्ती नाही. सकाळ झाली की मुक्काम हललेला. अशा माणसाजवळ ज्याने उमेदवारी केली, त्याला तीन गोष्टी न शिकवता येतात. गोष्ट अडली की श्रोत्याच्या तोंडाकडे बघायचे. बोलायचे ते ऐकणाऱ्याच्या बोलीत. आणि उठायची वेळ झाली की उठायचे.

दांडेकरांची कादंबरी या तीन गोष्टींवर उभी आहे. ‘शितू’ आणि ‘पडघवली’ कोकणच्या बोलीत वावरतात, ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ मावळच्या, ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडीत. एकाच लेखकाने इतक्या बोली हाताळल्या याचे कौतुक बरेच झाले. त्याचे कारण मात्र मला साधे वाटते. फिरत्या सांगणाऱ्याला मुलूख बदलला की जीभ बदलावी लागते, नाहीतर रात्री कुणी शिधा घालत नाही. बोली ही त्याची हौस नव्हे, गरज असते. पुढे वीणा देव आणि विजय देव यांनी दांडेकरांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग गावोगाव केले. नेपथ्य नाही, हालचाल नाही. हातात संहिता आणि समोर माणसे. मराठीतल्या कितीतरी उत्तम कादंबऱ्या अशा वाचायला घेतल्या तर दहाव्या मिनिटाला सभागृहात खोकले सुरू होतील. दांडेकरांच्या टिकल्या, कारण त्या कागदावर यायच्या आधी कानासाठीच रचलेल्या होत्या.

कादंबरीच्या नावाकडेही याच अंगाने पाहावे. अभंगाच्या शेवटी कवी आपली नाममुद्रा ठेवतो. कीर्तनकाराला ती सोय नाही. तो दुसऱ्याचा अभंग घेऊन उभा राहतो, तासभर त्याचे निरूपण करतो, आख्यान रंगवतो आणि शेवटी नाव उरते ते अभंगकर्त्याचे. ‘कुणा एकाची’ हे दोन शब्द मला या शिस्तीतून आलेले दिसतात. आत्मचरित्राचा ऐवज जवळ असताना लेखकाने तो बिननावाच्या माणसाच्या झोळीत टाकला. पुढे ‘स्मरणगाथा’त तोच माणूस आपल्या नावाने बोलतो. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की कळते, नाव काढून टाकल्यावर सांगणाऱ्याला किती मोकळीक मिळते. नाव असलेल्या माणसाला आपल्या वागण्याचा हिशेब द्यावा लागतो. ‘कुणा एकाला’ फक्त पुढे चालायचे असते.

२. पात्र

मराठीत ‘पात्र’ हा एकच शब्द चार ठिकाणी राबतो. नदीचे पात्र. नाटकातले पात्र. भिक्षापात्र. आणि एखाद्या गोष्टीला पात्र असणे, म्हणजे तिची लायकी असणे. ‘भ्रमणगाथे’तल्या माणसाच्या वाट्याला हे चारही अर्थ येतात.

परिक्रमेचे नियम अनेकांना ठाऊक असतील, तरी मुद्द्यापुरते सांगतो. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भडोचजवळ खंभातच्या आखाताला मिळते. तिला उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालायचे, म्हणजे २६०० किलोमीटरांहून अधिक वाट. मधे कुठेही नदी ओलांडायची नाही. वळायचे ते उगमाच्या वरून, नाहीतर जिथे ती समुद्र होते तिथे नावेतून. चातुर्मासात एका जागी थांबायचे. पैसा बाळगायचा नाही, सदावर्तावर आणि भिक्षेवर चालायचे. परंपरेने या सगळ्याला तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस दिले आहेत.

या नियमांतला सर्वांत कठीण कोणता, असे विचारले तर शहरातला वाचक अनवाणी चालणे किंवा उपवास सांगेल. खाडीकाठचा माणूस सांगेल, न ओलांडणे. मी राहतो त्या बोर्ली पंचतनहून मुरुड फार दूर नाही. मध्ये राजपुरीची खाडी आहे, एवढेच. दिघीला जेटीवर जायचे आणि गाडीसकट आगरदांड्याला उतरायचे. ते जमले नाही तर म्हसळ्यावरून तळ्याच्या बाजूने सगळ्या खाडीला वळसा. त्यामुळे ओलांडणे आणि वळसा घालणे यांतला फरक इथे कुणाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. ओलांडणारा पलीकडे पोहोचतो. वळसा घालणाऱ्याला मधली सगळी गावे लागतात. कुठे चहा होतो, कुठे कुणी ‘कुठले तुम्ही?’ म्हणून विचारतो, कुठे रात्र काढावी लागते. परिक्रमेचा नियम नेमके हेच करतो. नदीला हात न लावता तो माणसाला काठावरच्या गावांच्या हवाली करतो. भक्तीचा भाग ज्याचा त्याने पाहावा. कथेच्या दृष्टीने हा नियम म्हणजे माणसे भेटवण्याची हुकमी युक्ती आहे.

आता हाच नियम कलावंताला लावून पाहू. उत्सवाला बाहेरगावचा हरिदास येतो. दोन-तीन रात्री कीर्तन होते. पूर्वरंगात तो गावाला उपदेश करतो, उत्तररंगात रडवतो आणि हसवतो. बिदागी, नारळ, शिधा घेऊन चौथ्या दिवशी निघतो. त्या तीन दिवसांत गावातल्या प्रत्येक घराला तो आपला वाटलेला असतो आणि तो कुणाचाही नसतो. तो गावातल्या एखाद्या घरचा जावई झाला, की त्या गावात त्याचे कीर्तन संपले. मग तो अमक्याचा जावई म्हणून ओळखला जाईल, चांगला गातोही म्हणतील, पण त्याच्या तोंडून वैराग्य ऐकायला कुणी बसणार नाही. फिरत्या कलावंताच्या आणि श्रोत्यांच्या मधोमध एक पात्र वाहत असते. दोन्ही काठांवरून बोलावे, ओलांडू नये.

‘भ्रमणगाथे’त यशोदा येते ती या जागी. तिची ओढ आणि परिक्रमेचे व्रत यांतला ताण हा कादंबरीचा कणा आहे. बहुतेकांनी तो संन्यास विरुद्ध संसार असा वाचला. मला त्यात सांगणारा विरुद्ध ऐकणारी असाही सामना दिसतो. बाकीच्या काठाला या माणसाकडून गोष्ट हवी आहे, आशीर्वाद हवा आहे, थोडे पुण्य हवे आहे. यशोदेला सांगणारा हवा आहे. श्रोत्याने इतके मागू नये असा अलिखित करार असतो आणि ती तो मोडते. म्हणून तिच्यासमोर निवेदकाची वाणी अडखळते. इतरत्र प्रसंगाला शब्द तयार असणारा हा माणूस इथे व्रताकडे बोट दाखवतो. व्रत खरेच असेल, पण ते सोयीचेही आहे. चालणाऱ्याला पुढचा मुक्काम असतो. काठावर राहणाऱ्या बाईला तो नसतो. प्रदक्षिणेची किंमत न चालणारेच मोजतात, हे कादंबरी जाणते. निवेदक किती जाणतो, याबद्दल मला शंका आहे आणि ही शंका कादंबरीच्या बाजूने बोलते. लेखक निवेदकाच्या दोन पावले पुढे आहे, म्हणूनच ही भाविक कहाणी न राहता कादंबरी झाली.

एकपात्री प्रयोगाशी तिचे नाते इथेच आहे. पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात एकट्याने बावन्न माणसे रंगमंचावर आणली. एकपात्री या शब्दात फसवणूक आहे. एकपात्री म्हणजे एकटेपणा नव्हे. एका देहात गर्दी. ‘भ्रमणगाथे’तला निवेदक एकटा चालतो तो असाच. साधू, पुजारी, नावाडी, घरोघरच्या आया-बहिणी त्याच्या एका तोंडातून बोलतात. त्याने कुणाला सोबत घेतलेले नाही, कारण प्रत्येकाला तो आवाजाच्या रूपाने बरोबर नेतोच आहे.

३. उलटा वळसा

हे आपल्या परंपरेचे वेगळेपण आहे की प्रत्येक फिरत्या कलावंताचे असेच होते, हे तपासायला दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. ग्लेन गूल्ड हा कॅनडाचा पियानोवादक, १९३२ ते १९८२. कीर्ती शिखरावर असताना, एकतीस वर्षांचा असताना, १९६४ साली त्याने जाहीर मैफली कायमच्या बंद केल्या. श्रोत्यांसमोर बसून वाजवणे त्याला नको झाले होते. पुढे तो फक्त ध्वनिमुद्रणाच्या खोलीत वाजवत राहिला. या माणसाला सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठाने एकट्याने मोटार चालवत जायचा छंद होता. हे सरोवर सुमारे ८२,००० चौरस किलोमीटरांचे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठे. काठाने जंगल, खडक आणि लाकडाच्या लगद्यावर जगणारी विरळ गावे.

त्या रस्त्यावर त्याने काय केले? रेडिओ ऐकला. १९६७ साली लिहिलेल्या एका निबंधात त्याने हा प्रवास मांडला आहे. गाव जवळ आले की तिथल्या छोट्या केंद्राचा आवाज स्पष्ट होतो, गाव मागे पडले की खरखर, मग पुढचे केंद्र. पेटुला क्लार्क या गायिकेचे एक लोकप्रिय गाणे त्याला गावामागून गाव भेटत राहते आणि बाखचा हा वादक त्या गाण्याची चिकित्सा करत गाडी हाकतो. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने कॅनडाच्या आकाशवाणीसाठी उत्तरेकडच्या मुलखावर एक कार्यक्रम केला. त्यात पाच माणसांचे बोलणे त्याने एकमेकांवर असे चढवले, की ते संगीतासारखे ऐकू यावे.

गूल्ड आणि दांडेकर यांत साम्य शोधण्याचा माझा हेतू नाही. फरकच बोलका आहे. गूल्ड श्रोत्यांपासून दूर जाण्यासाठी वळसा घालतो, परिक्रमावासी त्यांच्याकडे जाण्यासाठी. गूल्ड मोटेलचे भाडे मोजतो, त्यामुळे तो कुणाचे काही लागत नाही. परिक्रमावासी रोज संध्याकाळी कुणाच्यातरी ओसरीचा ऋणी होतो. गूल्डचे सरोवर त्याला काही विचारत नाही. नर्मदेचा काठ मात्र रोज विचारतो: कुठून आलात, का निघालात, घरी कोण आहे? मराठीत ‘एकटा’ म्हणजे सोबतीवाचून, माणसांवाचून नव्हे. आणि तरीही, श्रोत्यांना विटलेल्या गूल्डने त्या एकांतातून जे घडवले, ते इतरांच्या आवाजांचेच बनलेले आहे. फिरता कलावंत श्रोत्यांकडे जावो की त्यांच्यापासून पळो, त्याच्या झोळीत शेवटी दुसऱ्यांचे आवाज सापडतात. फरक एवढाच, की गूल्डवर त्या आवाजांचे ऋण नव्हते. दांडेकरांवर होते.

त्या ऋणाचे पुढे काय झाले, हा या लेखाचा खरा विषय.

४. नदीचे सरोवर

कादंबरी आली १९५७ साली. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते केवडियाजवळ नर्मदेवरच्या धरणाची कोनशिला बसली. मध्ये चार वर्षेही पुरती गेली नव्हती. पाणीवाटपाचा तंटा, १९७९चा लवादाचा निवाडा, आंदोलन, न्यायालय, उंचीवरचे वाद, हा इतिहास इथे सांगत नाही. १७ सप्टेंबर २०१७ रोजी सरदार सरोवराचे लोकार्पण झाले. २०१९च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. या जलाशयाची लांबी २१४ किलोमीटर आहे. त्याच्या वर ओंकारेश्वरचे धरण, त्याच्या वर इंदिरा सागर, ज्याचे पाणी नऊशे चौरस किलोमीटरांहून अधिक जागा व्यापते आणि ज्यासाठी २००४ साली हरसूद हे अख्खे शहर उठवले गेले. आणखी वर जबलपूरजवळ बरगी. भ्रमणगाथेतली वाहती नदी ही आता बऱ्याच अंतरात एकामागून एक सरोवरांची माळ आहे.

परिक्रमेचे काय झाले? शूलपाणीच्या झाडीतले शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडाले, गोऱ्याला नवे बांधले गेले. काठाची वाट पाण्याखाली गेली. दक्षिण काठाने चालणारे बरेच जण आता शहादा, प्रकाशा अशा बाजूने जातात. प्रकाशा तापीच्या काठावर आहे. म्हणजे नर्मदेची प्रदक्षिणा घालणारा माणूस वाटेत तापीचे दर्शन घेतो, इतका हा वळसा रुंदावला. काठ जिथे उरला, तिथेही प्रश्न आहे. नर्मदा ओलांडायची नाही, उपनद्या ओलांडल्या तर चालते, असा नियम. पण धरणाचे फुगलेले पाणी उपनदीच्या मुखातून कोसभर आत शिरले, तर ते पाणी उपनदीचे की नर्मदेचे? ते ओलांडले तर परिक्रमा खंडित झाली का? श्रद्धावानांनी याची उत्तरे आपापल्या परीने काढली आहेत. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यासाठी हा प्रश्नच पुरेसा आहे. पात्र म्हणजे काय, हेच जिथे ठरवता येत नाही, तिथे पात्र न ओलांडण्याचा नियम कशाला धरून उभा राहणार?

दांडेकरांच्या बाबतीत हे एकदाच घडलेले नाही. ‘पवनाकाठचा धोंडी’ ही तुंग किल्ल्याच्या पायथ्याची कादंबरी. सत्तरच्या दशकात पवना अडवली गेली आणि तो काठही जलाशय झाला. आज त्या तलावाभोवती शनिवार-रविवारी तंबू लागतात, शेकोट्या पेटतात, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात. तळ्याला मोटारसायकलवरून एकट्याने वळसा घालून येणारे तरुण त्यात असतात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पाणी सुंदर दिसतेच. पण धोंडी ज्या काठाचा होता, तो काठ त्यांच्या पायांखाली नाही. तो पाण्याच्या तळाशी आहे.

इथे भाबडेपणा टाळायला हवा. वळसा चांगला आणि ओलांडणे वाईट, असे माझे म्हणणे नाही. आमच्या राजपुरीच्या खाडीवरही सागरी महामार्गाचा पूल योजलेला आहे आणि तो व्हावा असेच इथला प्रत्येक जण म्हणेल. रात्रीअपरात्री रुग्ण घेऊन निघालेल्या माणसाला वळशातल्या कथांची गोडी सांगू नये. ज्याला वळसा रोज घालावा लागत नाही, त्यालाच त्याचे काव्य सुचते. धरणाने मात्र वळसा वाचवला नाही. त्याने तो वाढवला आणि वळशावरची गावे काढून नेली.

५. श्रोते कुठे गेले?

इथे ‘भ्रमणगाथे’ची आणि एकूणच परिक्रमा-साहित्याची एक मर्यादा उघडी पडते. या साहित्यात काठावरची माणसे येतात ती यजमान म्हणून. कुणी भाकरी देते, कुणी रात्रीपुरती पडवी. शूलपाणीच्या झाडीतले भिल्ल येतात ते लुटणारे म्हणून. अंगावरचे वस्त्रसुद्धा काढून घेणारे ‘मामा’. ही लूट नर्मदामैयाची इच्छा, अहंकार उतरवण्याची तिची रीत, असे तिचे निरूपण करायची प्रथा आहे. निरूपण सुंदर आहे. पण लंगोटीवरच्या माणसाचे कांबळे ज्याला हवेसे वाटते, त्याच्या घरात काय असेल, हा साधा प्रश्न त्या निरूपणात बुडून जातो. पुढे धरण आले आणि महाराष्ट्राच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडिताखाली आली. मणिबेली त्यांतले अगदी काठावरचे. परिक्रमावासीयाचे सर्वस्व लुटणारे म्हणून ज्यांची पुस्तकांत ओळख होती, सर्वस्व गेले ते त्यांचे. त्या वेळी त्याला मैयाची इच्छा म्हणायला ते स्वतः तयार नव्हते. ते आंदोलनात उतरले. मुलांसाठी त्यांनी जीवनशाळा काढल्या.

परिक्रमेची पुस्तके अलीकडे मराठीत भरपूर निघतात. जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’ने या वाटेला घरोघरचे वाचक मिळवून दिले, तेव्हापासून ओघ थांबलेला नाही. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक पुस्तकांत धरण येते ते वाटेतली अडचण म्हणून: रस्ता बदलला, अंतर वाढले, जुनी देवळे गेली. चालणाऱ्याच्या पायांचा हिशेब चोख असतो. ज्याच्या ओसरीवर पूर्वीचे चालणारे झोपत होते, त्याची ओसरी कुठे गेली, हा हिशेब क्वचित दिसतो. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांनी १९७७पासून टप्प्याटप्प्याने काठ पायी तुडवला. त्यांच्या लेखनात, हे सारे बुडणार आहे, या जाणिवेने पाहिलेली दृश्ये आहेत आणि म्हणून ते लेखन वेगळे उठून दिसते. भारती ठाकूर यांनी परिक्रमेवर पुस्तक लिहिले आणि नंतर त्या काठावरच राहून मुलांसाठी शाळा चालवू लागल्या. फिरता सांगणारा आणि राहणारा श्रोता यांच्यामधले पात्र त्यांनी ओलांडले. परिक्रमेच्या नियमात ते बसत नाही असे कुणी म्हणेल. मला तो नियमाचा शेवटचा, अवघड अर्थ वाटतो.

मग ‘भ्रमणगाथे’चे काय करायचे? दोन वाटा सोप्या आहेत आणि दोन्ही टाळायला हव्यात. एक, तिला वाटाड्या म्हणून वापरणे. ती वाट आता नाही. दुसरी, बुडालेल्या सौंदर्याचे स्मारक म्हणून तिच्यावर उसासे टाकणे. तसे केले की कादंबरीतल्या माणसांना आपण दुसऱ्यांदा पाण्याखाली ढकलतो. कारण स्मारकाला दगड लागतात, माणसे लागत नाहीत.

मला तिसरी वाट दिसते. कीर्तनकाराच्या कलेचे एक लक्षण असे, की त्याचे कीर्तन संपल्यावरही श्रोत्यांची उत्तरे त्याच्याजवळ उरतात. पुढच्या गावात तो मागच्या गावचा किस्सा सांगतो, त्या गावच्या माणसाच्या तोंडचे वाक्य त्याच्या लकबीसकट पेश करतो. अशाने एका गावाचा आवाज दहा गावांत पोहोचतो. दांडेकरांनी नर्मदाकाठाचे हेच केले. त्यांच्या निवेदकाने नदीचे वर्णन केले आहे, पण नदीची वर्णने इतरांनीही केली आहेत. त्याची खरी शिदोरी म्हणजे काठावरच्या बायकामाणसांचे विचारणे, हटकणे, रागावणे, थांबा म्हणणे. ‘भ्रमणगाथा’ आज वाचायची ती चालणाऱ्याची कथा म्हणून नव्हे, थांबवणाऱ्यांची नोंद म्हणून. कादंबरीत किती वेळा कुणीतरी निवेदकाला ‘थांब’ म्हणते, ते मोजत वाचले तर पुस्तकाचा तोलच बदलतो. मग यशोदा ही व्रतातला अडथळा राहत नाही. सगळ्या काठाच्या वतीने बोलणारी ती एक होते.

निवेदक थांबला नाही, हे त्याच्या नियमाला धरून होते. नदीला मात्र थांबवले गेले, आणि तिच्याबरोबर थांबायला काठावर कुणी ठेवले गेले नाही. नाव नसलेल्या एका फिरत्या माणसाने आपल्या एका तोंडात तो काठ साठवून आणला होता, एवढीच त्याची आता उरलेली वस्ती. पाने मनातल्या मनात वाचली तर ती वस्ती मुकी राहते. ती मोठ्याने वाचावी, आणि शक्य असेल तर ऐकायला कुणाला तरी समोर बसवून वाचावी.